इसार घेतलेली गोष्ट

नामदेव फिरला, असं म्हशाच्या बैलबाजारात ठरून गेलं, आणि एकदा बाजारात ठरलेलं पुसून टाकायला कुणाकडे जायचं हे कुणालाच माहीत नसतं.

नामदेव म्हणजे दर्शनाचे वडील. मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळून त्यांचं गाव. घरापुरता भात पिके, पण खरा धंदा दलालीचा. पौष पौर्णिमेला जत्रा भरली की ते जेवायलासुद्धा घरी येत नसत. बैलाचा भाव त्या बाजारात तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. भोवती कितीही माणसं जमली तरी आकडा त्या दोघांपुरता राहतो. पटला की पंजा दाबायचा. पंजा दाबला की सौदा झाला. त्यानंतर बाहेर येऊन वेगळं बोलला तो माणूस बाजारातून उठला.

समोर बहुतेक वेळा चंदर असायचा. चंदर शेजारच्या गावचा, नामदेवच्याच वयाचा. दोघांचे हात एकमेकांना इतके ओळखीचे, की लोक चेष्टा करायचे, हे दोघं रुमालाखाली भाव नाही, घरच्या तक्रारी सांगतात.

नामदेवच्या शेवटच्या जत्रेत रुमाल निघाला, नामदेवनं बैलाच्या मालकाला भाव सांगितला आणि चंदर ताडकन उठला. "एवढा मी धरलाच नाय." मालक घेणाऱ्याला म्हणाला, तुमच्या दलालानं पंजा दाबला, आता मागे कसे जाता? चंदरनं सगळ्या बाजारासमोर म्हसोबाची शपथ घेतली. नामदेवनं घेतली नाही. ते खाली मान घालून रुमालाची घडी घालत राहिले, आणि लोकांना जे समजायचं ते समजलं. रुमालाखाली एक आणि बाहेर एक. मालकाकडून जास्तीची दलाली ठरली असणार. बैल न विकता घरी गेला. चंदरनं नामदेवशी बोलणं टाकलं.

खरी गोष्ट घरात तिघांना माहीत होती. दिवाळीपासूनच नामदेवचा उजवा हात बधिर झाला होता. बोटं हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. चहाचा कप उचलायचा तर कपाकडे बघून उचलावा लागे. नजर हलली की कप सुटे. कल्याणच्या डॉक्टरनं मानेतली नस दाबली गेल्याचं सांगितलं होतं. रुमालाखाली बघता येत नाही. चंदरनं किती बोटं धरली हे नामदेवला त्या दिवशी कळलंच नाही. त्यांनी अंदाजानं पंजा दाबला.

"हात मेला हे बाहेर गेलं तर मी जिवंत असून मेलो," असं म्हणून त्यांनी बायकोला आणि मुलीला म्हसोबाची आण घातली. हात बरा करून पुढच्या जत्रेत चंदरसमोर बसायचं, मग आपण स्वतःच त्याला सांगू, असा त्यांचा बेत होता. पुढची जत्रा यायच्या आधी, भातकापणीच्या दिवसांत, ते खळ्यावर बसल्या जागी गेले.

दहाव्याला चंदर आला. ओसरीवर टेकला, आणि दर्शनाच्या आईला, सकुबाईला म्हणाला, "मेलेल्या मानसाशी काय भांडायचं, वयनी. शेवटाला फिरला, पन मानूस सोन्यासारखा व्हता. माझ्या मनात काय नाय आता."

सकुबाईनं पदर तोंडाला लावला. दर्शना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. वडील गेल्याचं दुःख तिला पेलत होतं. ही क्षमा पेलेना. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळालेला माणूस कायमचा गुन्हेगार होतो, आणि ती माफी परत करायलाही तो उरलेला नसतो.

तेव्हा तिनं सिनेमा लिहायचं ठरवलं.

ती मुरबाडच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं आणि मग वय झालं, असं गाव म्हणे. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, पण वडिलांच्या बाजारातलं कुणी पुस्तक वाचणार नव्हतं. पिक्चर सगळे बघतात. आणि वडिलांनी घातलेली आण तोंडानं न बोलण्याची होती. तिच्या सिनेमात त्या प्रसंगाला कुणी काही बोलणारच नव्हतं. कपाकडे बघणारे डोळे, रुमाल, दाबलेला पंजा. बघणाऱ्याला आपोआप कळेल. चंदरकाका मुरबाडच्या नाहीतर कल्याणच्या थिएटरात बसतील, आणि त्यांना कळेल.

पहिला खर्डा कादंबरीसारखा झाला. पानोपानी 'त्याला वाटले', 'तिच्या मनात आले'. पटकथा कशी लिहितात यावर मिळेल ते वाचून तिला उमगलं, की मनातलं कॅमेऱ्याला दिसत नाही. दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. तिनं सगळं खोडून पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. वाचनालय बंद झाल्यावर तिथल्याच संगणकावर ती टाइप करत बसायची. मुरबाडला रेल्वे नाही. सुट्टीच्या दिवशी जीपनं कल्याण गाठायचं आणि तिथून अंधेरीला, निर्मात्यांच्या ऑफिसांत. तिथं काचेच्या दारांमागे तिच्याहून लहान मुलं बसलेली असत. ती म्हणत, "मॅम, एका ओळीत सांगा."

"एका बैलाच्या दलालाचा हात बधिर होतो."

"ओके. मग?"

"तो कुणाला सांगत नाही."

"का सांगत नाही?"

ती सांगायला लागली की त्यांची नजर मोबाइलवर जाई. "सांगून टाकलं तर प्रॉब्लेमच नाही ना," असं एकजण हसत म्हणाला. कुणी म्हणालं बैल चालतील, पण शर्यतीचे हवेत. कुणी म्हणालं, कळवतो. कळवतो म्हणजे नाही, हे शिकायलाही तिला बराच वेळ लागला. इमेलनं पाठवलेल्या सारांशांना तर पोच येण्याचीही रीत नव्हती.

दिनेशशेठ भेटले ते वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात. शहापूरला महामार्गालगत त्यांचं ऑफिस. फार्महाऊसचे प्लॉट पाडून विकत. वाचनालयाला खुर्च्या त्यांनी दिल्या होत्या म्हणून पाहुणे. अध्यक्षांनी ओळख करून देताना सहज सांगितलं, आमच्या बाईंनी पिक्चर लिहिलाय. शेठ खुर्चीत पुढे सरकले.

"खरंच? सांगा बरं मला."

तिनं सांगितला. पहिल्यांदाच कुणीतरी मोबाइल न बघता ऐकलं. बैलबाजाराचं वर्णन ऐकून शेठना त्यांच्या आजोबांची खिल्लारी जोडी आठवली. डोळे पुसत ते म्हणाले, "हा पिक्चर झालाच पाहिजे. आपल्या भागाचा पिक्चर आहे." सत्काराचा नारळ त्यांच्या हातात होता. तो त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवला, खिशातून एक पाकीट काढून वर ठेवलं आणि म्हणाले, "शुभ झालं. आता तुम्ही आमच्या."

भोवतीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सकुबाईनं पाकीट देवापुढे ठेवलं. "इसार आला," ती म्हणाली. नवऱ्याच्या मागं तिनं इतके इसार बघितले होते, की दुसरा शब्द तिला सुचायचा नाही. इसार घेतला की तो बैल दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो. कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी त्याच्यासमोर बैलावर झूल टाकून मोकळं व्हायचं. घेणारा फिरला तर इसार विकणाऱ्याचा. विकणाऱ्यालाच फिरायचं असेल तर त्यानं इसार दुप्पट करून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा, तोही चारचौघांत, मान खाली घालून. नामदेवच्या घरात ते कधी झालं नव्हतं.

बातमी गावभर झाली. चंदर मुद्दाम आला.

"पिक्चरात मी हाय म्हनतात."

"आहात ना, काका."

"मग माझं काम कोन करनार? जरा गोरा बघा म्हनावं. आनि मिशी पायजे."

"तुमाला मिशी कवा व्हती, भावजी?" सकुबाई आतून म्हणाली.

"तुमी गप बसा, वयनी. पिक्चरात असू दे की. खऱ्यात काय ठेवलंय." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "शेवटाला त्याचं नि माझं भांडन दावलंस?"

"दाखवलंय."

"मी खोटा ठरतो का त्यात?"

"नाही, काका. तुम्ही खोटे नाही ठरत."

"मग तो ठरतो?"

"तुम्ही पडद्यावरच बघा," दर्शना म्हणाली. त्या संध्याकाळी ती पुष्कळ दिवसांनी नीट जेवली.

रेश्माचा फोन उन्हाळ्यात आला. रेश्मा सिनेमा दिग्दर्शित करायची. दोन सिनेमे बाहेरच्या महोत्सवांत गेलेले. वर्षभरापूर्वी दर्शनानं पाठवलेला सारांश तिच्या इमेलमध्ये पडून राहिला होता.

"तो माणूस कपाकडे बघून कप उचलतो," रेश्मा म्हणाली. "हे कुठून आणलंत तुम्ही?"

दर्शनानं समोरचं रजिस्टर मिटलं. "सुचलं."

"मला तो माणूस पूर्ण पटला. का सांगत नाही हेसुद्धा पटलं. एका नव्या लेखकाची कथा यंदा मला करायची आहे, पैशांची सोय झालीय. पूर्ण पटकथा पाठवाल?"

वाचनालयात कुणी नव्हतं. बाहेर एसटी वळत होती. दर्शनाला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मी ती दिली आहे."

"करार झालाय?"

"करार नाही. शब्द झालाय. इसार घेतलाय मी."

"टोकन? कागद काहीच नाही? मग तुम्ही मोकळ्या आहात, दर्शना."

"कागदावर आहे मोकळी."

मग रेश्मा म्हणाली, "मला नुसती वाचायला पाठवा. कुणाला कळणार नाही."

रुमालाखाली काय झालं हेही कुणाला कळत नाही, असं तिच्या मनात आलं. ते तिनं बोलून दाखवलं नाही. "मी विचारते त्यांना," एवढंच म्हणाली. रेश्मा म्हणाली, महिनाभर थांबते.

पण विचारायचं काय? मला सोडता का, असं इसार घेतलेल्यानं विचारणं म्हणजेच फिरणं. तिनं दिनेशशेठना फोन केला आणि पुढचं कधी, एवढंच विचारलं. "चालू आहे, ताई, चालू आहे. एका हिरोशी बोलणं चाललंय. तो म्हणतो शेवटी दलालानं भर बाजारात हात वर करून सगळं सांगितलं तर टाळ्या पडतील. बघा जरा." ती बघते म्हणाली. बोलणं चालू आहे म्हणजे गिऱ्हाईक उभं आहे.

रात्री ती आईजवळ हे बोलली. सकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ती दुसरी बाई चांगली हाय?"

"ती चांगलंच करेल, आई. आणि करेल हे नक्की."

"आनि हा?"

"हा बोलतोय."

सकुबाईनं तांदळातून बोट फिरवलं. "तुज्या बापाला फिरला म्हनले लोक," ती म्हणाली. "तो फिरला नव्हता. तू खरोखरची फिरलीस तर मंग लोकांचंच खरं झालं."

दर्शनानं महिनाअखेरीस रेश्माला नाही कळवलं. कारण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते एका ओळीत मावलं नसतं.

मग दिनेशशेठनी फोन उचलणं कमी केलं. आधी मीटिंगमध्ये आहे म्हणाले, मग साइटवर, मग नुसती रिंग वाजायची. पावसाळा गेला. वाचनालयात येणारे विचारायचे, बाई, शूटिंग कधी? ती सांगायची, बोलणं चालू आहे. हे वाक्य आपण कुणाच्या तोंडून उचललं हे तिला ऐकू यायचं आणि ती रजिस्टरात डोकं घालायची. दिवाळी होऊन गेली तेव्हा तिनं ठरवलं, की आता उघडपणे फिरायचं. रीतीनं, मान खाली घालून. तिनं साठवलेल्यातून काढून पाकिटातली रक्कम दुप्पट केली आणि आईला न सांगता सकाळच्या एसटीनं किन्हवलीवरून शहापूरला गेली.

ऑफिसात भिंतभर प्लॉटचे नकाशे होते. टेबलावर काचेच्या पेटीत पुठ्ठ्याचे बंगले, प्लास्टिकची झाडं. शेठ तिला बघून उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता.

"या, या, ताई! काय झालं तुमच्या पिक्चरचं? कधी येतोय?"

तिला वाटलं ते थट्टा करताहेत. "तुम्ही करणार होतात."

"मी?" ते खरोखर आठवू लागले. "हां, तो हिरो. तो काही जमला नाही हो. शिवाय इकडे मार्केट असं बसलंय. पण ते कधीच राहिलं. मी समजलो, एव्हाना तुम्ही दुसऱ्या कुणाकडून केला असेल."

"मी इसार घेतला होता तुमचा." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे दुप्पट आहे. मी सौदा मोडायला आले आहे."

शेठनी पाकिटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हसले. प्रेमानं हसले. "अहो, इसार कसला? आपल्या भागातली बाई काहीतरी लिहिते, म्हणून कौतुकानं दिलं मी. शुभेच्छा म्हणून."

"नारळ दिलात."

"नारळ मी सगळीकडे देतो, ताई. परवा जिमच्या उद्घाटनाला दिला. मी कुठं म्हटलं होतं दुसऱ्या कुणाला देऊ नका? मी कशाला अडकवीन तुम्हाला?" त्यांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. "हे ठेवा. चहा घेणार ना?"

तिनं चहा घेतला. नाही म्हणायला कारण नव्हतं. ती ज्या खुंट्याला इतके महिने बांधून उभी होती, तिथं खुंटा नव्हता. दावंही तिनंच वळलेलं. समोरचा माणूस बिस्किटाची प्लेट पुढे करत होता.

स्टँडवर येऊन तिनं रेश्माला फोन लावला. रेश्मानं लगेच उचलला. दर्शना म्हणाली, "मी आता मोकळी आहे."

"अरेरे," रेश्मा म्हणाली, आणि त्या एका शब्दात सगळं आलं. "मी दुसरी कथा घेतली, दर्शना. शूटिंग सुरू झालंय."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी माझ्या हातात काही असेल असं दिसत नाही. जे होते ते पैसे यंदाचेच होते. खोटी आशा नाही दाखवत मी तुम्हाला." मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. "कुणाला तरी द्या ती. ठेवू नका नुसती."

किन्हवलीची गाडी लागली होती. ती चढली. खिडकीतून भात कापून झालेली रिकामी खाचरं दिसत होती.

ती घरी पोचली तेव्हा ओसरीवर चंदर बसला होता. जत्रा जवळ आली होती. त्याला समोर बसायला दुसरा दलाल मिळत नव्हता आणि तो नव्या पोरांना शिव्या देत होता. "ही पोरं मोबाइलवर भाव टाकतात. रुमाल म्हनजे नाक पुसायला." दर्शनाचा चेहरा बघून तो थांबला. "काय गो?"

"पिक्चर होत नाही, काका."

"म्हंजे मोडला सौदा? कोन फिरला?"

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"आनि इसार?"

"त्यांनी परत घेतला नाही."

"मंग काय!" चंदरनं मांडीवर थाप मारली. "घेनारा फिरला की इसार आपला. तू शब्द राखलास, पैसंपन राखलंस. बापापेक्षा बरी दलाल निगालीस की."

सकुबाई दारात येऊन उभी होती. दर्शनानं तिच्याकडे बघितलं. पडद्यावर आता काही येणार नव्हतं, आणि चंदरकाका म्हातारे झाले होते. आण मोडायची तर ती इथंच, ओसरीवर.

"काका, बाबा फिरले नव्हते," ती म्हणाली. "त्यांचा हात बधिर झाला होता. तुम्ही किती बोटं धरली ते त्यांना कळलंच नाही. अंदाजानं दाबला त्यांनी पंजा. आम्हाला आण घातली होती, बाहेर बोलायचं नाही म्हणून."

तिनं सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं, डॉक्टरचं, रुमालाची घडी घालत मान खाली घालून का बसले होते त्याचं. कितीतरी निर्मात्यांसमोर सांगून सांगून ते तिच्या जिभेवर घोटलेलं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे तिच्या नकळत ठरून गेलेलं होतं. चंदर मन लावून ऐकत होता. शेवटी त्यानं डोळे पुसले.

"झकास," तो म्हणाला. "झकास लिवलंस गो पोरी. काळजाला लागलं. नाय घेतला त्यानं पिक्चर तर त्याचंच नशीब फुटकं."

"काका, हे लिहिलेलं नाही. हे खरं आहे."

"हां, खरंच."

"खरं हाय, भावजी," सकुबाई दारातून म्हणाली. "मसोबाची आण मोडून सांगते. खरं हाय."

चंदरनं विधवा वहिनीकडे बघून हळूच मान डोलवली, लहान मुलाला समजूत घालताना डोलवतात तशी. "असंल, वयनी. असंलच." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. चपला पायांत सरकवता सरकवता थांबला.

"एक बोलू, पोरी? राग नको मानू."

"बोला."

"मी काय तुज्यायेवढा शिकलेला नाय. पन हात मेलेला दलाल रुमालाखाली हात घालंलच कशाला? आनि समोर मी बसलेलो. मी काय परका? मला सांगितल्याबिगर राहील का तो? एवढी वर्सं हातात हात घेऊन बसलो आमी." त्यानं मान हलवली. "ते काय कुनाला पटनार नाय. तेवढं बदल."

"बघते, काका," दर्शना म्हणाली, आणि त्यांना पायरी दिसावी म्हणून तिनं बाहेरचा दिवा लावला.